मिक्स अल्बम सलगच ऐकावा

डीप हाउस आणि टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारांचा एखादा मिक्स अल्बम, म्हणजे डीजेने अनेक ट्रॅक सलग जोडून केलेला अल्बम, ऐकायचा म्हटला तर सत्तर-पंचाहत्तर मिनिटे मध्ये न उठता बसावे लागते, आणि एवढी सवड कोणाला असते, असे शहरात राहणारे माझे मित्र विचारतात. तिवसा तालुक्यातल्या आमच्या वावरात रब्बीच्या दिवसांत ती सवड असते. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याचे ओलित रात्रीच करावे लागते, आणि एकदा स्प्रिंकलर सुरू झाले की पाइप उचलून पुढच्या जागी मांडेपर्यंत दोन-तीन तास धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहावे लागते. झोपता येत नाही, कारण लाइन गेली-आली की मोटारीकडे पाहावे लागते आणि रोही (नीलगायी) व रानडुकरे यांच्यासाठीची जागलही त्यातच होते. या बसण्यात मी गेली काही वर्षे मिक्स अल्बम ऐकत आलो आहे, आणि हा प्रकार तुकड्यांत ऐकला तर त्यातला मुख्य भागच हाती लागत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ते का झाले, हे नीट मांडण्यासाठी हा लेख.

आमच्या भागात डीजे सर्वांच्या परिचयाचा आहे, पण तो लग्नाच्या वरातीतला आणि गणपती-दुर्गादेवीच्या विसर्जनातला. पिकअप गाडीवर रचलेले बास, मागे जनरेटर आणि समोर नाचणारी पोरे, हे चित्र कोणालाही सांगावे लागत नाही. त्या कामालाही कौशल्य लागते. कोणत्या क्षणी कोणते गाणे टाकले की दमलेली वरात पुन्हा उसळेल, हे गाडीवरच्या ऑपरेटरला पक्के ठाऊक असते. मात्र तिथे गाणी एकमेकांना जोडली जात नाहीत. चालू गाणे मध्येच तोडले जाते, सायरनचा किंवा डीजेच्या नावाचा मोठा आवाज येतो आणि त्या आवाजाच्या आडून दुसरे गाणे सुरू होते. मिक्स अल्बममध्ये नेमकी हीच जागा, म्हणजे एक ट्रॅक सरून दुसरा लागण्याची जागा, डीजेच्या कामाची मुख्य जागा असते. ट्रॅक बहुतेक वेळा दुसऱ्या कलावंतांचे असतात. त्यांची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांच्यामधला सांधा एवढेच डीजेचे स्वतःचे असते, आणि तेवढ्यावर तो तासाभराची एक नवी रचना उभी करतो.

हे ट्रॅक मुळातच जोडण्यासाठी बांधलेले असतात. सहा-सात मिनिटांच्या ट्रॅकमध्ये पहिले मिनिटभर नुसता ठेका असतो. चार मात्रांवर चार सारखे ठोके, मध्ये हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांची, फुसफुस, कुठे टाळीचा आवाज, आणि सूर म्हणावा असे काही नाही. शेवटीही तसेच, एकेक थर काढून घेत पुन्हा नुसता ठेका राहतो. असा एकच ट्रॅक उचलून कोणाला ऐकवला तर तो माणूस पहिल्या मिनिटालाच कंटाळतो, आणि त्याचे काही चुकत नाही. ती सुरुवात एकट्याने ऐकण्यासाठी केलेलीच नसते. मागच्या ट्रॅकची धून तिच्यावर पसरावी, या हेतूने तिथे जागा मोकळी ठेवलेली असते. मिक्समध्ये ती जागा भरली की पहिल्या ट्रॅकची धून दुसऱ्याच्या ठेक्यावर चालू लागते आणि दोन्ही ट्रॅकमध्ये स्वतंत्रपणे नसलेले असे काही मिनिटभर ऐकू येते. मिनिटभर हा शब्द मी सैलपणे वापरलेला नाही. मिनिटाला १२० ठोक्यांचा वेग असेल तर आठ आवर्तनांचा, म्हणजे ३२ ठोक्यांचा एक टप्पा १६ सेकंदांत पूर्ण होतो, आणि असे चार टप्पे दोन ट्रॅक एकत्र चालवणे ही डीप हाउसमध्ये अगदी नित्याची गोष्ट आहे.

दोन ठेके एकत्र चालवणे म्हणजे काय, ते मला खऱ्या अर्थाने कळले ते स्प्रिंकलरमुळे. एका पाइपावर ओळीने बसवलेले नोझल आपापल्या दांडीने टकटक करीत फिरत असतात आणि प्रत्येकाचा वेग दाबाप्रमाणे किंचित वेगळा असतो. जवळच्या दोन नोझलकडे लक्ष दिले तर काही वेळ दोन्हींची टकटक एकावर एक पडते, एकच आवाज आहे असे वाटते, मग हळूहळू एक पुढे सरकतो, दोन आवाज फुटून वेगळे होतात, ऐन मध्यावर येऊन एकमेकांच्या फटीत वाजतात आणि पुन्हा जवळ येत येत एक होतात. दोन रेकॉर्डचे अगदी हेच होते. एक १२३च्या वेगाने आणि दुसरी १२४च्या वेगाने चालत असेल तर एका मिनिटात बरोबर एका ठोक्याचे अंतर पडते, म्हणजे अर्ध्या मिनिटातच दुसरीचा ठोका पहिलीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये येऊन पडतो आणि घोडी बिथरल्यागत सगळा ठेका विस्कटतो. नोझलला कोणी आवरत नाही. डीजेला मात्र एका कानाला हेडफोन लावून येणाऱ्या रेकॉर्डचा वेग चालू रेकॉर्डशी जुळवावा लागतो आणि जुळवल्यावरही ती सुटू नये म्हणून बोटाने किंचित रेटत किंवा अडवत राहावे लागते. आता हे काम संगणक किंवा नवी यंत्रे आपोआप करू शकतात. पण ठोके जुळले म्हणजे मिक्स जमला, असे होत नाही. नवा ट्रॅक टप्प्याच्या पहिल्या ठोक्यावर लागला नाही, तर ठेका बरोबर चालूनही धून भलत्याच जागी बदलते आणि भजनात मुखडा समेवर न येता मध्येच कुठेतरी आपटल्यावर जे वाटते, तेच वाटते. आमच्याकडचा केरवा ताल आठ मात्रांचा आणि हाउसचे मोजमाप चाराचे, त्यामुळे भजनात वाढलेल्या कानाला ही चूक ताबडतोब खटकते.

वेगाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्यामुळेच डीप हाउस ते टेक्नो असा प्रवास करणारे अल्बम मला सर्वांत जास्त आवडतात. डीप हाउस साधारण १२० ते १२४च्या आसपास चालते, टेक्नो १२८-१३०पासून पुढे. बहुतेक डीजेंच्या टेबलावर अनेक वर्षे राहिलेला टेक्निक्स एसएल-१२०० हा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, १९७२मध्ये आला आणि त्याची १९७९ची एमके-२ आवृत्ती क्लबांत सर्वदूर पोचली. तिच्यावर वेग कमी-जास्त करायची जी पट्टी आहे, ती दोन्ही बाजूंना फक्त ८ टक्के सरकते. शिवाय रेकॉर्ड जोरात फिरवली की सूरही चढतो. सुमारे ६ टक्के वेग वाढवला की सगळी धून एका अर्ध्या स्वराने वर जाते. म्हणजे १२०चा ट्रॅक संपताच १३०चा लावायचा म्हटले तर ती पट्टी जवळजवळ टोकाला न्यावी लागते आणि सुरांचे बिनसते ते वेगळेच. म्हणून डीजेला मधल्या वेगाचे ट्रॅक शोधून, पायरी पायरीने, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही अशा बेताने वर चढावे लागते. चाळिसाव्या मिनिटाला आपण टेक्नोत आहोत हे जाणवते, पण नेमके कुठे शिरलो ते सांगता येत नाही. गुरुकुंज मोझरीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला लयीची ही चढण नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांपासून चालत आलेल्या खंजिरी भजनात सुरुवातीची लय आणि शेवटची लय यांत केवढे अंतर असते, आणि तरीही मध्ये कुठे धक्का बसलेला नसतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फरक एवढाच की तिथे खंजिरी वाजवणारा समोरच्या माणसांकडे पाहून लय वाढवतो आणि स्टुडिओत केलेल्या मिक्स अल्बममध्ये डीजेला अनोळखी, न दिसणाऱ्या ऐकणाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो.

रोही जवळ येऊ नयेत म्हणून मी काही वेळा इअरफोन कानात न घालता धुऱ्यावर छोटा स्पीकर ठेवतो. अशाच एका रात्री शेजारच्या वावराचे काकाजी त्यांच्या मोटारीचे काम आटोपून शेकायला आले. त्यांनी उमेदीची वर्षे भजनी मंडळात मृदंग वाजवण्यात घालवली आहेत. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग त्यांनी विचारले, “काबे, हे गानं सरतच नाई का?” मी म्हटले, “काकाजी, तुम्ही आल्यापासून तीन गानी होऊन गेली.” त्यांना ते पटले नाही. “तीन? मले तं एकच वाटलं.” मग ते बोलणे थांबवून ऐकत बसले. विडीही विझली. काही वेळाने त्यांनी एकदम हात वर केला आणि म्हणाले, “हे पाय, आता बदललं. ठेका तोच हाय, पन खालचा घुमारा बदलला.”

त्यांनी जे ओळखले, तीच या कामातली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. दोन ट्रॅकचे खालचे आवाज, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका आणि बासची ओळ, एकत्र वाजू दिले तर दोन्हींचा चिखल होतो, कारण तेवढ्या खालच्या स्वरांत दोघांना पुरेल एवढी जागाच नसते. म्हणून मिक्सरवर प्रत्येक ट्रॅकसाठी खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांची वेगळी बटणे असतात. डीजे येणाऱ्या ट्रॅकचा खालचा भाग पूर्ण दाबून फक्त वरचे आवाज आत घेतो, त्यांना रुळू देतो, आणि मग एका टप्प्याच्या तोंडावर जुन्याचा घुमारा काढून त्याच क्षणी नव्याचा देतो. ऐकणाऱ्याला वाटते की काही बदलले नाही, फक्त जमीन थोडी हलली. वर जुन्याची धून अजून चालूच असते, ती मागाहून विरते. ट्रॅक केव्हा बदलला याचे एक उत्तर म्हणूनच नसते. वरचा सूर केव्हाचा आलेला, घुमारा आता आला आणि जुना अजून गेलेला नाही. काकाजींनी घुमाऱ्यावरून ओळखले, कारण उभे आयुष्य त्यांचा डावा हात मृदंगाच्या धुमेवर, म्हणजे खर्जाच्या बाजूवर, होता.

डीप हाउस आणि टेक्नो एकाच अल्बममध्ये सुखाने का नांदतात, याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. शिकागोत १९७७मध्ये सुरू झालेल्या वेअरहाउस या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डिस्कोच्या रेकॉर्ड सलग जोडून वाजवत असे आणि हाउस हे नाव तिथूनच आले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे लॅरी हर्ड या मूळच्या ड्रमवादकाने १९८०च्या दशकाच्या मध्यावर मिस्टर फिंगर्स या नावाने घरच्या सिंथेसायझरवर आणि ड्रम-मशीनवर असे ट्रॅक केले की त्या नाचाच्या ठेक्यावर जॅझच्या वळणाचे लांब, उदास स्वरसमूह येऊन बसले. डीप हाउसचा पाया तो. जवळपास त्याच सुमारास डेट्रॉइटपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या बेलव्हिल या लहानशा गावात शाळेत एकत्र असलेले हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन हे तिघे टेक्नो घडवत होते, आणि १९८८मध्ये डेट्रॉइटच्या या संगीताचा संग्रह ब्रिटनमध्ये निघाल्यावर ते नाव रूढ झाले. हे सगळे कृष्णवर्णीय तरुण होते आणि त्यांच्या हाती आलेली यंत्रे पुष्कळदा बाजाराने टाकून दिलेली होती. १९८३मध्ये आलेली रोलँड टीआर-९०९ ही ड्रम-मशीन खऱ्या ड्रमसारखी वाजत नाही म्हणून लवकरच उत्पादनातून गेली, जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि तिचा तो न-खरा, गोल, पोटात घुमणारा ठोका आजतागायत या दोन्ही प्रकारांत वाजतो आहे. यंत्रे तीच, ठेका तोच. एकात उबदार सूर वर आले आणि दुसऱ्यात ते काढून लयीचा सांगाडा उघडा केला. बेलव्हिलचे मला विशेष अगत्य वाटते, कारण मोठ्या शहरातल्या क्लबांपासून दूर, रात्री रेडिओवर जे ऐकू येईल त्यावर कान पोसून त्या पोरांनी हे उभे केले.

घरी ऐकण्यासाठी विकला जाणारा मिक्स अल्बम नव्वदच्या दशकात स्थिरावला आणि त्यात सीडीचा वाटा मोठा आहे. लाँग-प्ले रेकॉर्डच्या एका बाजूवर पंचवीसेक मिनिटांपलीकडे फारसे मावत नाही, कॅसेट मध्ये उलटावी लागते, आणि सीडीवर मात्र ७४ मिनिटे अखंड मिळू लागली. बर्लिनच्या एका कंपनीची डीजे-किक्स ही मालिका १९९५मध्ये सुरू झाली, लंडनच्या फॅब्रिक क्लबची मालिका २००१मध्ये. मी ऐकलेल्यांपैकी माझ्या मनात कायम घर करून बसलेला अल्बम मात्र फॅब्रिकच्या मालिकेआधीचा, डेट्रॉइटचा डीजे जेफ मिल्स याचा आहे. टोकियोच्या लिक्विड रूम या क्लबमध्ये १९९५मध्ये केलेल्या वादनाचे हे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी निघाले. मिल्स तीन टर्नटेबलांवर वाजवतो आणि एकेका ट्रॅकला दोन-तीन मिनिटेच देतो, काहींना त्याहूनही कमी. मागे क्लबमधल्या माणसांचा गलबला ऐकू येतो. वर मी सांध्याच्या नाजूकपणाबद्दल जे लिहिले, त्याच्या अगदी उलट इथे घडते. काही जागी दोन ठेके किंचित सुटलेले आणि हाताने पुन्हा ओढून आणलेले स्पष्ट ऐकू येतात, नवी रेकॉर्ड झडप घालून येते, जुनी उखडून काढली जाते. तरीही हा अल्बम मला अत्यंत सुसंगत वाटतो, कारण त्यातला प्रत्येक सांधा चुकण्याच्या काठावर आहे आणि तो माणूस ते सावरताना आपल्याला ऐकू येतो.

डेट्रॉइटच्याच परिसरात, नदीपलीकडच्या कॅनडातील विंडसर शहराजवळ वाढलेल्या रिची हॉटिन या डीजेने २००१मध्ये दुसरे टोक गाठले. त्याने शंभराहून अधिक ट्रॅक संगणकावर बारीक बारीक तुकड्यांत कापले आणि त्या तुकड्यांच्या फेऱ्या एकमेकींवर रचून अल्बम केला. तिथे ट्रॅकच उरत नाहीत, सगळा सांधाच आहे. बुद्धी थक्क होते, पण धुऱ्यावर बसून तो ऐकताना मला कुठेही अंगावर शहारा आलेला नाही, हे मान्य करावे लागते. रिकार्डो व्हियालोबोसने २००७मध्ये फॅब्रिकसाठी केलेल्या ३६व्या अल्बममध्ये तर सगळे ट्रॅक स्वतःचेच वापरले आणि मिक्स व स्वतंत्र अल्बम यांच्यातली भिंतच काढली. तो मला हॉटिनपेक्षा जवळचा वाटतो. त्यात ढोलांचे आणि माणसांच्या आवाजांचे थर आहेत, आणि कशाचीही घाई नाही.

आता ऐकण्याच्या सोयीविषयी, कारण गावात खरी अडचण तिथे आहे. मिक्स अल्बम ऑनलाइन पुष्कळदा ट्रॅकनिहाय कापून ठेवलेला असतो. तालुक्याच्या ठिकाणी मेमरी कार्डमध्ये गाणी भरून घेतली, की साधा मोबाइल त्या फायली नावाच्या अक्षरक्रमाने लावतो. तासाभराची चढण मग पहिल्याच मिनिटात मोडते आणि १३०च्या टेक्नोनंतर अचानक १२०चे हाउस येते. यावर उपाय असा की फायलींच्या नावांआधी ०१, ०२ असे आकडे घालून घ्यावेत, किंवा त्याहून बरे म्हणजे अख्खा मिक्स एकाच फाइलमध्ये घ्यावा. एमपीथ्रीच्या प्रत्येक फाइलच्या टोकांना सेकंदाच्या काही शतांशांएवढी शांतता चिकटलेली असते आणि ठोका अर्ध्या सेकंदाचा असल्यामुळे तेवढीही फट कानाला टोचते. प्लेअरमध्ये गॅपलेसची, म्हणजे दोन फायलींमध्ये फट न ठेवण्याची, सोय असेल तर ती चालू करावी आणि एक गाणे दुसऱ्यात आपोआप मिसळणारे क्रॉसफेड बंद ठेवावे, कारण डीजेने केलेल्या सांध्यावर मोबाइलने आपला सांधा करण्याचे काही कारण नाही. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे संगीत ऐकूच नये. ड्रमचा मूळ घुमारा ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि तो त्या इवल्या स्पीकरमधून येतच नाही; काकाजींनी जे ओळखले, तेच नेमके गायब होते. इअरफोन एकाच कानात घालायचा असेल, जागलीला दुसरा कान मोकळा ठेवावाच लागतो, तर सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे आवाज हरवत नाहीत.

पहिल्यांदा ऐकताना ट्रॅकची यादी समोर ठेवू नये. यादी असली की मन पुढचे नाव केव्हा येते याची वाट पाहत राहते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र यादी घेऊन बसावे, आवडलेल्या सांध्याजवळचे दोन्ही ट्रॅक सुटे मिळवून ऐकावेत आणि मग तोच सांधा पुन्हा लावावा. डीजेने काय दाबले आणि काय मोकळे सोडले, ते तेव्हा लख्ख दिसते. सुरुवात कुठून करावी, असे विचारल्यावर जाणकार बहुधा एखाद्या संथ, सुरेल डीप हाउस मिक्सचे नाव सुचवतात. माझे मत वेगळे आहे. नवख्या माणसाने आधी मिल्सचा टोकियोचा अल्बम ऐकावा, कारण तिथले सांधे उघडे आहेत आणि कान काय शोधायचे ते तिथे शिकतो. तो कान तयार झाला की मग लपलेल्या सांध्यांचे डीप हाउस लावावे.